लिबर्टी बघायला निघालात? आधी बूट घ्या

नागपूरहून बालीला जाऊन तुलांबेन गावच्या काठाजवळ पाण्याखाली असलेलं ‘लिबर्टी’ जहाज बघणार असाल, तर जाड तळव्याचे डायव्हिंग बूट घ्याच. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं हे मालवाहू जहाज किनाऱ्यावर पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात ढकललं. त्यामुळे बोट लागत नाही, काठावरूनच उतरता येतं. पण काठ म्हणजे काय बाप्पा! नारळाएवढे काळे गुळगुळीत गोटे, लाट मागे फिरली की पायाखालून खडखडत सरकतात, अन् पाठीवर सिलिंडर. फिन्स (पोहायला पायात घालायची चपटी पाती) कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच चढवा. गंजक्या पत्र्याला हात नको. परतीचं विमान मात्र शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी. रजा वाचवायच्या नादात नेमकं हेच राहतं.