पान अर्धवट येतंय? ब्राउझरला दोष देण्याआधी या चुका टाळा

‘कंटेंट डिकोडिंग फेल्ड’ असं लिहिलेलं कोरं पान दिसलं की हात आधी कॅशे साफ करायला जातो. एकदा करून बघा, हरकत नाही. पण दुसऱ्या मशीनवरही तेच दिसत असेल तर ब्राउझरच्या मागे लागू नका. तुमचा सर्व्हर हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या माहितीत) सांगतोय एक आणि पाठवतोय भलतंच.

हेडरमध्ये ‘जीझिप’ (डेटा आवळण्याची एक पद्धत) असेल तर येणारा डेटा १एफ ८बी या दोन बाइट्सनीच सुरू व्हायला हवा. माझी एक अख्खी दुपार यात गेली होती. कोड स्वतः जीझिप करून पाठवत होता, पण त्याआधी पीएचपीची (सर्व्हरवर कोड चालवणाऱ्या भाषेची) एक फुटकळ वॉर्निंग छापली जात होती. सुरुवातीलाच साधा मजकूर, मग ब्राउझर उलगडणार काय? आलेला डेटा न उलगडता कर्ल या कमांडने फाइलमध्ये उतरवला आणि हेक्समध्ये पाहिला, तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणून लाइव्ह सर्व्हरवर एरर पडद्यावर दाखवू नका, लॉगमध्ये जाऊ द्या. आणि कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा आवळणं, एकाच ठिकाणी ठेवा. कोडमध्येही आणि पीएचपीच्या सेटिंगमध्येही चालू असेल, तर डेटा दोनदा आवळला जातो आणि पानावर नुसती चिन्हं दिसतात.

कंटेंट-लेंग्थ, म्हणजे हेडरमधली मजकुराची लांबी, हाताने लिहिणं ही दुसरी खोड. ही लांबी बाइट्समध्ये असते, अक्षरांत नाही. ‘नमस्कार’ जावास्क्रिप्टला ७ लांबीचा दिसतो, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) तो २१ बाइट्सचा असतो. तुम्ही ७ लिहिलेत तर ब्राउझर ‘नम’ आणि पुढे एखादं तुटकं चिन्ह दाखवून थांबेल, वर एररही देणार नाही! इंग्रजी मजकुरावर टेस्ट केलं तर ही चूक सापडतच नाही. उलट लांबी जास्त सांगितली, तर ‘कंटेंट लेंग्थ मिसमॅच’ ठरलेलं. सरळ फ्रेमवर्कला मोजू द्या.

मोठी फाइल चढवताना ४१३ (फाइल फार मोठी) हा एरर आला तर इंजिनएक्स या वेब सर्व्हरची मर्यादा बघा, मुळात ती १ एमबीच असते. ती वाढवूनही अडलं, तर पीएचपीची अपलोड मर्यादा २ एमबी असते, तीही वाढवावी लागेल.

पान मध्येच तुटत असेल तर इंजिनएक्सचा एरर लॉग उघडा. तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरवर ‘परमिशन डिनाइड’ किंवा डिस्क भरल्याची ओळ बऱ्याचदा तिथेच सापडते. आणि पीएचपीची सेटिंग बदलल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा, नाहीतर बरोबर केलेला बदलही ‘चालला नाही’ म्हणून तुम्हीच परत काढून टाकाल.