कंबरेत उसण भरली तर अंथरूण धरू नका

तासगावकडं द्राक्षबागेत औषधाचा कॅन उचलताना किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर घेताना कंबरेत चमक भरते आणि माणूस जागच्या जागी वाकडा होतो. घरचे म्हणतात, "गप पडून राहा." हाच सल्ला नडतो. फार तर एखादा दिवस विसावा घ्या. त्यापुढं पडून राहिलात तर अंग आखडतं आणि दुखणं लांबतं.

खाटेवरून थेट उठून बसू नका. कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय खाली सोडा आणि हाताच्या रेट्यानं उठा. मग अंगणात चार फेऱ्या मारा, तासा-दोन तासानं पुन्हा. चालताना थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटतंय असं नाही, हे मनाला बजावा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं शेका.

एमआरआयची घाई नको. धडधाकट माणसाच्या एमआरआयमध्येही मणक्यातली गादी सरकलेली दिसते आणि रिपोर्ट वाचूनच माणूस खचतो. बहुतेकांचं दुखणं ४ ते ६ आठवड्यांत पुष्कळ उतरतं. बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका.

ताप असेल, जोरात पडला असाल, पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना पहिल्यांदा ते सांगा. आणि लघवी अडली, शौचावर ताबा राहिला नाही, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा.