सही 2,340 वर, रिटर्न 2,230 चं

न्यू जर्सीतल्या एका छोट्या टॅक्स ऑफिसात माझा पहिलाच सीझन होता. मुंबईचं बीकॉम, एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, घरी बसून गेलेली चार वर्षं, मग एकदाचं ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, आणि पीटिन, म्हणजे दुसऱ्यांची रिटर्न भरणाऱ्याला लागणारा नंबर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका मराठी जोडप्याचं रिटर्न तयार झालं. रिफंड 2,340 डॉलर. रिटर्न ऑनलाइन पाठवायची परवानगी देणाऱ्या फॉर्म 8879 वर दोघांनी सह्या केल्या, क्लायंट कॉपीची पीडीएफ मी पोर्टलवर चढवली. रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "ताई, ठाण्याच्या एनआरई एफडीचं व्याज सांगायचं राहिलंच."

एनआरई एफडी म्हणजे परदेशात राहणाऱ्यांची भारतातली मुदत ठेव. तिचं व्याज तिकडे करमुक्त म्हणून इकडेही करमुक्त, हा समज आपल्या लोकांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. व्याज निघालं सुमारे 500 डॉलर. व्याजाचं शेड्यूल बी भरलं, 22 टक्क्यांच्या हिशेबाने रिफंड 110 डॉलरनी उतरून 2,230 झाला. फोन केला. "हो हो, पाठवून द्या." दिलं पाठवून. सह्या होत्याच, ऑनलाइन रिटर्नवर सहीच्या जागी चालणारा पिन भरलेला होता, सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी रिटर्न स्वीकारल्याचा निरोपही आला.

सप्टेंबरात त्यांनी घरासाठी कर्ज मागितलं. बँकेला माझी पीडीएफ दिली, बँकेने आयआरएस, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडच्या रिटर्नची नोंद, मागवलं आणि आकडे जुळेनात. मी फाइल उघडली. सहीच्या फॉर्मवर 2,340. क्लायंट कॉपीवर 2,340. भरलेल्या रिटर्नवर 2,230. कॉफी तशीच थंड झाली त्या दिवशी.

नियम मला पाठ होता, हेच दुखतं. सही झाल्यावर एकूण उत्पन्न किंवा एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) 50 डॉलरपेक्षा जास्त बदललं, किंवा कर, कापलेला कर, रिफंड, देणं यांपैकी काहीही 14 डॉलरपेक्षा जास्त हललं, तर नवा फॉर्म आणि नवी सही. दोन्ही मर्यादा ओलांडायच्या असं नाही, एक पुरते. डब्ल्यू-2 वरचा, म्हणजे पगाराच्या दाखल्यावरचा, कापलेला कर टाइप करताना 20 डॉलर इकडेतिकडे झाले, तर उत्पन्न जागच्या जागी असतं, तरी सही नवीच लागते. फरक मोजायचा तो सही झालेल्या कागदापासून, तुमच्या शेवटच्या दुरुस्तीपासून नव्हे. चार वेळा थोडंथोडं बदललंत तर चारही बदलांची बेरीज धरा. पुन्हा सांगते, कारण मी इथेच आपटले: माणूस तुम्हाला सही देत नाही, त्या फॉर्मवरच्या आकड्यांना देतो. आकडे गेले की सही गेली. फोनवरचं "हो हो" म्हणजे सही नव्हे, व्हॉट्सॲपवरचा अंगठा तर नव्हेच.

कॉपीचं त्याहून कडक. बदल दोन्ही मर्यादांच्या आत असेल तर सही जुनी चालते, पण कॉपी जुनी चालत नाही. क्लायंटच्या हातात जे आहे तेच आयआरएसकडे गेलेलं असायला हवं. कॉपी सहीच्या आधी किंवा सहीबरोबर द्यायची हे कायद्यात आहेच, न दिल्यास दंडही आहे. पण आधी दिली म्हणून काम संपलं असं मी धरून चालले होते. आता रिटर्न स्वीकारलं गेलं की मी पीडीएफ नव्याने काढते, फाइलच्या नावात तारीख घालते आणि पोर्टलवरची जुनी स्वतःच्या हाताने उडवते. पाच मिनिटं लागतात.

शॉर्टकट शिकवणारे भेटतील. जानेवारीतच कोऱ्या 8879 वर सही घेऊन ठेवा, एप्रिलमध्ये धावपळ नको, असं मला एका जाणत्या माणसाने सांगितलं होतं. कोऱ्या चेकवर तुम्ही स्वतः सही कराल का? मेंटर शोधा असं सगळे म्हणतात. माझं मत विचाराल तर मार्चमध्ये फोन उचलणारा मेंटर मी अजून पाहिला नाही. आयआरएसचं पब्लिकेशन 1345, ऑनलाइन रिटर्न पाठवणाऱ्यांची नियमपुस्तिका, बघा, कंटाळवाणं आहे पण रात्री बाराला सुद्धा उत्तर देतं.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास होते. "मिसेस पुण्याला गेलीय, तिची सही मीच करतो." नाही. जॉइंट रिटर्नला दोघांच्या सह्या लागतात. पाठवा तिला ई-सहीची लिंक, म्हणावं, तर तिथेही अडतं. लांबून ई-सही करताना ओळख पटवायचे प्रश्न येतात, जुना पत्ता कुठला, गाडीचं कर्ज कुणाचं. ते बहुतेक क्रेडिटच्या नोंदींतून निघतात आणि आयटीआयएनवाल्या, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी फक्त करापुरता नंबर असलेल्या, बायकोच्या नावावर इथे काहीच नसतं. तीनदा चुकलं की हाताने सही. घाबरू नका, यात रिटर्न अडून राहत नाही. फॉर्म छापायचा, पेनाने सही करायची, स्कॅन करून पोर्टलवर टाकायचा. पुण्यात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे हे काम चहा गार व्हायच्या आत होतं. फक्त तो कागद हातात आल्याशिवाय पाठवायचं बटण दाबू नका. 15 एप्रिल असला तरी. मुदतवाढीचा फॉर्म 4868 असतो, मात्र कर देणं असेल तर तो त्याच दिवशी भरायला सांगा, मुदतवाढ पैशांना नसते.

हे वाचताना तुमच्या पोटात गोळा आला असेल, एखादी फाइल आठवली असेल, तर आजच उघडा. माझं रिटर्न स्वतः बरोबर होतं, त्यामुळे 1040-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरायची वेळ आली नाही. मी त्या दोघांना फोन करून सरळ सांगितलं, खरी कॉपी पाठवली, ट्रान्सक्रिप्टशी जुळणारी. नवरा चिडला, बायकोने विचारलं की आता कर्जाचं काय. बँकेला दुसरी पीडीएफ गेली, कर्ज एक आठवडा लांबलं. मग मी बरोबर आकड्यांचा 8879 काढला आणि मालकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. एप्रिलची तारीख घालायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला सांगू.

त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला. "तारीख आजचीच घाल. आणि फाइलमध्ये लिहून ठेव, का ते."

ती चिठ्ठी अजून त्या फाइलमध्ये आहे. सही केलेला 8879 तीन वर्षं जपायचा असतो, ती मुदत संपेपर्यंत राहील.