भोसरीहून चाकणला कंपनी हलवताना

भोसरीतल्या गाळ्यातून चाकणच्या प्लॉटवर आमची कंपनी हलवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला प्लॅनिंगमध्ये जेमतेम दोन वर्षं झाली होती. अकरा सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, चार व्हीएमसी म्हणजे उभी मिलिंग मशिनं, अंतर वीसेक किलोमीटर. मशिनं चार दिवसांत हललीसुद्धा. ग्राहकाची मंजुरी यायला मात्र सात आठवडे लागले.

गाड्यांचे पार्ट बनवत असाल तर हे नीट वाचा. मशीन दुसऱ्या प्लांटमध्ये गेलं की ग्राहकाच्या लेखी प्रोसेस बदलली. ड्रॉइंग, टूल, प्रोग्रॅम, ऑपरेटर सगळं तेच असलं तरीही. हलवण्याआधी लेखी कळवायचं आणि हलवल्यावर पीपीएपी, म्हणजे पार्ट मंजूर करून घेण्यासाठीचे नमुने आणि कागदपत्रं, पुन्हा द्यायचं. म्हणजे ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर सलग किमान 300 नगांचा रन, गेजचा आर अँड आर (मोजमापावर किती भरवसा ठेवायचा त्याची चाचणी), महत्त्वाच्या मापांचा पीपीके (मापं मर्यादेत किती आरामात बसतात तो आकडा) 1.67 च्या वर, आणि मग वॉरंटवर, म्हणजे मंजुरीच्या कागदावर, त्यांची सही. मी कळवलं ते ट्रेलर ठरल्यावर. त्यांचा क्वालिटी इंजिनिअर आपल्या सवडीने येणार, ही गोष्ट माझ्या चार्टमध्ये नव्हतीच.

त्यात फ्लोअर ओतून बारा दिवस झाले होते. काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरतात, हे मला ठाऊक होतं. तरी घाई केली. मशिनं बसवून त्यांची लेव्हल काढून घेतली, आठवड्याभरात ती सरकली आणि बोअरमध्ये, म्हणजे पार्टच्या भोकात, टेपर (एका टोकाला माप कमी, दुसऱ्याला जास्त) यायला लागला. पहिला रन नापास झाला. बँक, म्हणजे हलवण्याआधी जास्तीचा बनवून ठेवलेला माल, होती दहा दिवसांची. ती संपल्यावर ग्राहकाने डेव्हिएशनवर, म्हणजे तात्पुरत्या सवलतीवर, माल घेतला, पण अट अशी की प्रत्येक नग एअर गेजवर (हवेच्या दाबाने बोअर मोजणाऱ्या गेजवर) तपासून द्यायचा. आमची माणसं रात्रपाळीत उभी राहून बोअर मोजत होती. त्यांचे ते चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून उलटं मोजा. सहीची तारीख आधी विचारा, तिथून मागे येत रन, लेव्हलची फेरतपासणी, हायड्राची (मशिनं उचलणाऱ्या क्रेनची) तारीख आणि त्याच्याही आधी फ्लोअरचे 28 दिवस. बँक बांधताना एक रन नापास होणारच असं धरून चाला.

महावितरणचा लोड, प्रदूषण मंडळाची संमती, फॅक्टरी लायसन्स हे तुम्हाला माहीत आहेच; लोडचा अर्ज तेवढा सगळ्यात आधी टाका. मशीन बंद करण्यापूर्वी पॅरामीटरचा बॅकअप घ्या आणि कंट्रोलरची बॅटरी मशीन चालू असतानाच बदला. जुनी बॅटरी वाटेत उतरली तर मेमरी पुसली जाते.

कन्सल्टंटचा तयार एक्सेल चार्ट घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा ज्या फिटरने ती मशिनं पहिल्यांदा बसवली, त्याला शोधा आणि दोन दिवस त्याच्याबरोबर फिरा. कुठलं मशीन कुठे रुसतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आणि घाबरू नका. लेव्हल पुन्हा काढली, बॉलबार टेस्ट (मशीन गोल किती अचूक फिरतं त्याची तपासणी) घेतली, दुसऱ्या रनला सगळी मापं बसली. मशीन तेच होतं, त्याला फक्त घट्ट जमीन हवी होती.

बँक पावसाळ्यात बांधणार असाल तर नगांना गंजरोधक तेल लावून व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) पिशवीत ठेवा आणि दर आठवड्याला एक पेटी उघडून बघा.