जागलीवर जमलेली चिनी अक्षरं

फवारणीचे बॅटरी पंप दुरुस्त करतो. आतल्या पट्ट्यांवर चिनीच लिहिलेलं, म्हणून 42व्या वर्षी ती शिकायला घेतली. रोज वीस अक्षरं, एकेक पन्नासदा गिरवायचो. आठवड्यात निम्मी सफाचट.

चूक ही, की प्रत्येक अक्षर रेघांचा गुंता म्हणून पाठ करत होतो. तुकडे पाडले तेव्हा सुटलं. 'थ्येन' म्हणजे वावर: चौकोन, आत अधिकचं चिन्ह. चार धुऱ्यांचं वावरच की! त्याखाली 'ली' म्हणजे ताकद लिहिली की 'नान', पुरुष. (आमच्याकडे निंदण-वेचणी बायाच करतात, ते असो.) 'छिंग' या तुकड्याच्या डावीकडे पाणी लावलं की स्वच्छ, सूर्य लावला की निरभ्र, बोलणं लावलं की विनंती. उच्चार छिंगच, फक्त सूर वेगळे.

आता रानडुकरांच्या जागलीला मचाणावर वही नेतो. पाचच नवी; जुनी झाकून आठवून लिहायची, अडलं तरच पाहायचं. चुकलेलं उद्या पुन्हा, जमलेलं आठ दिवसांनी.

'माय' म्हणजे विकत घेणं आणि 'माय' म्हणजे विकणं, हे मात्र अजून घोळवतं. विकण्याच्या डोक्यावर दहाचं चिन्ह जास्तीचं असतं, लिहिण्यात एवढाच फरक, बोलण्यात सुराचा.