वळणावर इंजिन का घसरते? रूळ मांडताना या चुका टाळा

वणी परिसरात कोळशाच्या मालगाड्या पाहत लहानाचा मोठा झालेला माणूस घरात छोटी रेल्वे मांडायला निघाला, की सर्वांत आधी इंजिन विकत घेतो. मीही तेच केले. ओसरीत 8 बाय 4 फुटांचे प्लायवूड टाकले, सहा आसांचे लांब डिझेल इंजिन मागवले आणि पहिल्याच वळणावर ते आडवे झालेले पाहिले. वास्तविक आधी जागा मोजावी, तीवरून वळणाची त्रिज्या ठरवावी आणि त्या त्रिज्येला झेपतील असेच इंजिन व डबे निवडावेत.

माझी पहिली चूक मोजमापाची होती. त्रिज्या ही वळणाच्या केंद्रापासून दोन रुळांच्या मधल्या रेषेपर्यंत मोजतात. मी मात्र स्लीपरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजली होती. रूळ आधीच ठोकलेले असतील, तर 400 मिलिमीटरची सरळ पट्टी अशी धरावी, की तिची दोन्ही टोके बाहेरच्या रुळाला आतून टेकतील, आणि पट्टीच्या मध्यापासून त्या रुळापर्यंतचे अंतर मोजावे. ते 50 मिलिमीटर भरले, तर 400 चा वर्ग भागिले (8 गुणिले 50), अधिक 50 चे निम्मे, म्हणजे 425 मिलिमीटर ही त्या रुळाची त्रिज्या झाली. मध्यरेषेसाठी त्यातून 8, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे साधारण निम्मे, वजा करावेत. पाकिटावरच्या ‘आर-1’ या खुणेवरही विसंबू नये, कारण छोट्या रेल्वे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी मार्कलिनचा आर-1 हा 360 मिलिमीटरचा आहे, तर हॉर्नबीचा 371 चा.

आता डब्यांकडे वळू. सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट त्रिज्या असावी, असा ढोबळ नियम छंदिष्टांत रूढ आहे. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) प्रवासी डबा 21 मीटरांहून थोडा लांब, म्हणजे 1:87 (मूळच्या 87 पट लहान) प्रमाणात सुमारे 245 मिलिमीटर भरतो आणि त्याला 735 मिलिमीटरची त्रिज्या लागते. 4 फूट रुंदीच्या प्लायवूडवर 505 च्या पुढे जाणे जोखमीचे, कारण घसरलेली गाडी थेट फरशीवर जाते. उलट कोळशाची बॉक्सएन वाघीण सुमारे 10.7 मीटरची, म्हणजे प्रमाणात 123 मिलिमीटर, आणि तिला 369 पुरते. आपल्याकडच्या मालगाडीला लहान ओसरी पुरते ती अशी.

इंजिनाच्या बाबतीत मात्र केवळ लांबी पाहून चालत नाही, तर एकाच ताठ चौकटीत किती आस बांधलेले आहेत आणि पहिल्या व शेवटच्या आसात किती अंतर आहे, हे पाहावे लागते. डिझेल इंजिनाच्या दोन्ही बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, चाकांची फिरती चौकट) स्वतंत्र वळतात, पण तीन आसांची बोगी अरुंद वळणावर पायऱ्यांना किंवा पुढच्या जाळीला घासू लागते. इंजिन हातात धरून बोगी दोन्हीकडे वळवून पाहिल्यास ही अडचण रुळावर ठेवण्याआधीच कळते. जागा फारच कमी असेल, तर यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर पूर्वी धावणाऱ्या आपल्या शकुंतला या छोट्या गाडीचा विचार करावा; तिचा 762 मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधले अंतर) 1:87 मध्ये 9 मिलिमीटरच्या रुळांवर जवळजवळ अचूक बसतो आणि आखूड गाड्यांना लहान वळणे शोभतात.

आपल्या हवेचा विसर पडणे ही विदर्भातली खास चूक आहे. डिसेंबरात 15 अंशांना घट्ट जोडलेला 3 मीटरचा निकेल-सिल्व्हरचा रूळ मे महिन्यात 45 अंशांना सुमारे दीड मिलिमीटरने वाढतो, तर कोरड्या हवेत लाकूड उलट आकसते. रुळाला फुगायला जागा उरली नाही, की तो नेमका वळणाच्या जोडावर कोपरा काढतो. म्हणून हिवाळ्यात मांडणी करताना जोडांत थोडी फट सोडावी.

दोष शोधताना आधी एकटे इंजिन अगदी सावकाश, दोन्ही दिशांनी चालवावे. ते दरवेळी एकाच जागी घसरत असेल तर दोष रुळात, आणि निरनिराळ्या जागी घसरत असेल तर चाकांमधल्या अंतरात शोधावा. एकटे इंजिन बिनधोक जाते, पण गाडी जोडली की वाघिणी आतल्या बाजूला कलंडतात, असे घडत असेल तर त्या बहुधा हलक्या आहेत. एनएमआरए या अमेरिकेतल्या छोट्या रेल्वेच्या छंदिष्टांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 123 मिलिमीटरच्या वाघिणीचे वजन सुमारे 97 ग्रॅम असावे. माझ्या वाघिणी निम्म्याही भरत नव्हत्या. तळाशी लोखंडी नट चिकटवून वर कोळशाची चूर पसरली, आणि तीच गाडी त्याच वळणावरून न अडखळता जाऊ लागली.