शाळेच्या कामाची संकेतस्थळं: आधी रजिस्टर, मग लॉगिन

यू-डायस प्लसवर, म्हणजे केंद्राच्या शाळा-विद्यार्थी माहितीच्या पोर्टलवर, एखाद्या मुलाची माहिती अडली की पहिला दोष सर्व्हरला दिला जातो. सर्व्हर संथ असतोच, शेवटच्या तारखेच्या आधीचे दोन दिवस तर विचारूच नका. पण बहुतेक नोंदी अडतात त्या नावाच्या स्पेलिंगवर आणि जन्मतारखेवर. जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत) 'शिंदे वैष्णवी संतोष', आधारवर 'वैष्णवी संतोष शिंदे', पोर्टलवर कुणीतरी घाईत भरलेलं तिसरंच काही. म्हणून लॉगिन करण्याआधीचं काम आधी.

वर्गवार तक्ता

प्रत्येक तुकडीसाठी एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एक पान करा. रकाने असे ठेवा: जनरल रजिस्टर क्रमांक, रजिस्टरमधलं नाव, आधार कार्डावरचं इंग्रजी नाव (स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी कार्डावर आहे तसंच), रजिस्टरमधली जन्मतारीख, आधारवरची जन्मतारीख, आईचं नाव, पालकांचा मोबाइल, यू-डायसचा ११ अंकी पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक), सरल या राज्याच्या पोर्टलचा १९ अंकी स्टुडंट आयडी आणि शेरा. आधार क्रमांक या तक्त्यात घालू नका. हे पान व्हॉट्सअॅपवरून दहा जणांकडे फिरणार, हे गृहीत धरलेलं बरं.

दोन ठिकाणी एक्सेल हमखास दगा देतं. पहिलं म्हणजे १९ अंकी आयडी. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, पुढच्या अंकांचे शून्य करतं. एकदा फाइल सेव्ह झाली की मूळ अंक परत मिळत नाहीत. म्हणून आयडी चिकटवण्याआधीच तो रकाना निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. दुसरं म्हणजे तारीख. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून न राहता ६ मे होतो, आणि दिवस बारापेक्षा मोठा नसेल तर ही चूक नजरेलाही येत नाही. तारखेचा रकानाही टेक्स्टच ठेवा.

तक्ता भरला की रजिस्टर आणि आधार यांत फरक असलेल्या ओळी रंगवा. इथे नियम सरळ आहे: आधारवरची चूक आधार केंद्रातच दुरुस्त होते, ती शाळेच्या हातात नाही. रजिस्टरमधला बदल शिक्षण विभागाच्या पूर्वपरवानगीशिवाय करायचा नाही. पोर्टल अडतंय म्हणून रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर ती पुढे दाखल्यावर, मग दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि शेवटी पासपोर्टच्या रांगेत त्या मुलाला नडते. आधारचं बायोमेट्रिक वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावं लागतं, हेही पालकांना त्याच बैठकीत सांगून टाका. पहिली आणि दहावीच्या वर्गात हा प्रश्न सर्वाधिक येतो.

यू-डायस प्लस

शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. पुढचे दोन अंक जिल्ह्याचे, नंतरचे दोन तालुक्याचे. पेनही ११ अंकीच असल्यामुळे दोन्हींची अदलाबदल होते. तक्त्यावर शीर्षक ठळक लिहा.

विद्यार्थ्यांच्या विभागात वर्षाचं पहिलं काम म्हणजे प्रोग्रेशन: गेल्या वर्षीची मुलं पुढच्या वर्गात ढकलणं. ते झाल्याशिवाय नवीन वर्षाची यादी उघडतच नाही. त्यानंतर प्रत्येक मुलाचे तीन भाग भरायचे असतात: सामान्य माहिती, प्रवेशाची माहिती आणि मिळालेल्या सुविधांची माहिती. तिन्ही पूर्ण होईपर्यंत नोंद अपूर्ण दिसते. सुविधांचा भाग सर्वात कंटाळवाणा, म्हणून तो राहतो. पाठ्यपुस्तकं, गणवेश वगैरेंच्या वाटपाची यादी शेजारी ठेवून एका वर्गाचा तो भाग एका बैठकीतच संपवा.

बाहेरून आलेलं मूल नवीन म्हणून भरू नका. त्याचा पेन आणि जन्मतारीख टाकून 'इम्पोर्ट' करायचं असतं. मूल जुन्या शाळेत अजून सक्रिय दिसत असेल तर इम्पोर्ट होत नाही. जुन्या शाळेने आधी त्याला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकायला हवं. उलट, आपल्याकडून दाखला नेलेलं मूल आपणही त्याच आठवड्यात ड्रॉपबॉक्समध्ये टाकावं. पट फुगलेला दिसावा म्हणून ते अडवून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्यात नुकसान दुसऱ्या शाळेचं होतं आणि तेच उलटून आपल्याकडेही येतं.

राज्याचं सरल, म्हणजे स्टुडंट पोर्टल, हे वेगळं प्रकरण. एका ठिकाणी मूल हललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी हललं असं समजू नका. सरलवर नवीन शाळा विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मंजूर करते. विनंती पाठवली की तिचा स्क्रीनशॉट काढा आणि जुन्या शाळेला फोन करा. तिकडे लॉगिन कुणी महिनाभर उघडत नाही, हेच उशिराचं खरं कारण असतं. आठवडाभरात हालचाल झाली नाही तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) आधार-वैध विद्यार्थीच धरले जात असल्यामुळे ३० सप्टेंबरच्या पटाआधी हा सगळा निपटारा झालेला हवा. काम जुलैत सुरू करा.

अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या एकाच ओळख क्रमांकासाठी, पालकांचं संमतीपत्र लागतं. ते आधी घ्या आणि फाइलला लावा. इथेही गाडी अडते ती नावाच्या मेळावरच. सामान्य माहितीत शाळेतलं नाव आणि आधारप्रमाणे नाव यांचे रकाने वेगळे असतात. दोन्हींत एकच नाव चिकटवण्याचा मोह टाळा.

जीआर खरा की फॉरवर्ड केलेला?

शाळांच्या ग्रुपवर येणाऱ्या शासन निर्णयांपैकी काही जुने असतात, काहींचं शुद्धीपत्रक नंतर निघालेलं असतं, आणि एखादा निव्वळ बनावट असतो. पडताळायला अर्धं मिनिट लागतं. प्रत्येक शासन निर्णयावर १८ अंकी संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हे आठ अंक आणि वर छापलेली तारीख जुळत नसेल तर तिथेच थांबा. जुळत असेल तर महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो सांकेतांक टाकून मूळ प्रत उतरवा. शेवटचे दोन अंक विभागाचे, शालेय शिक्षण व क्रीडा विभागाचे २१. मूळ प्रत मिळाल्यावर त्याच विषयाचा शब्द टाकून पुन्हा शोधा, कारण नंतरच्या निर्णयाने हा अधिक्रमित झालाय का ते या निर्णयात लिहिलेलं नसतं. फाइलचं नाव 'तारीख-विषय' असं ठेवा. 'डॉक्युमेंट (३)' नावाच्या चाळीस फाइल्स तपासणीच्या दिवशी कुणाला सापडत नाहीत.

लॉगिनबद्दल एवढंच: सरकारी पोर्टलचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'ने संपतो. गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीतून आत शिरू नका, पत्ता एकदा बुकमार्क करा. ओटीपी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर येत असेल तर बदलीच्या आधी तो क्रमांक बदलून घ्या. नाहीतर नवे मुख्याध्यापक जुन्या मुख्याध्यापकांच्या फोनची वाट बघत बसतात. सायबर कॅफेत शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचं पोर्टल) उघडणं म्हणजे पगारपत्रक चव्हाट्यावर टांगणं.

वर्गासाठी: आदल्या दिवशी उतरवा

वर्गात थेट इंटरनेटवर विसंबू नये. रेंज असते तेव्हा वीज नसते. खालचं सगळं आदल्या दिवशी उतरवून ठेवता येतं, म्हणूनच ते निवडलं आहे.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. जून उजाडला तरी पुस्तकं पोचली नाहीत, किंवा मूल मध्येच माध्यम बदलून आलं, तर हाच आधार. मात्र जुनी उतरवलेली फाइल वापरण्याआधी आवृत्ती बघा. इयत्ता पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून नवीन आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपमधून स्कॅन करायचा. कॅमेरा खराब असेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं अॅपमध्ये टाइप केली तरी तोच मजकूर उघडतो. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि कोड फाटलाय म्हणून दीक्षा बंद पडते.

विज्ञान-गणितासाठी फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचं संकेतस्थळ, ही सर्वांत कामाची जागा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाने बोल्डर येथे २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. हव्या त्या प्रयोगाच्या पानावर भाषांतरांच्या यादीत मराठी शोधा आणि शेजारच्या बाणाने फाइल उतरवा. ती एकच एचटीएमएल फाइल असते. पेन ड्राइव्हवर घ्या, दोनदा क्लिक करा, ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. विद्युत परिपथ जोडण्याचा प्रयोग सातवी ते दहावी कुठेही चालतो. बल्ब, तारा, सेल मुलांनाच जोडू द्या आणि शॉर्ट सर्किट होऊ द्या. पडद्यावरची आग शाळेला परवडते. यादीतले काही जुने प्रयोग जावावर चालतात. ते मोबाइलवर उघडत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी पायरीपायरीच्या चित्रांसह आहेत, आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफही. सुरुवात काडीपेटीच्या काड्यांपासून करा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि दोन्ही टोकांत काडी खुपसा. असे तीन जोड म्हणजे त्रिकोण, चार म्हणजे चौकोन. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन लगेच कलतो. पुलाला आणि छताच्या कैचीला त्रिकोणच का, हे मुलं स्वतःच सांगतात. काड्यांचा गूल आधी खरवडून टाका.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. मराठी निवडा, मग पातळी. पहिल्या पातळीत एकेक छोटं वाक्य, चौथ्या पातळीत पानभर मजकूर. वयापेक्षा वाचनावरून पातळी ठरवा: पाचवीतलं अडखळणारं मूल दुसऱ्या पातळीवर खुशाल बसवा. पुस्तकं छापता येतात, फक्त लेखक-चित्रकारांच्या नावाचं शेवटचं पान कागद वाचवायला गाळू नका. परवान्याची अट तीच आहे.

मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि शिक्षकाच्या स्वतःच्या तयारीला उत्तम. पण पहिला खंड १९७६ चा आहे. लोकसंख्या, उत्पादन असले आकडे त्यातून फळ्यावर उतरवू नका.

मराठी मजकूर आणि फॉर्म

जुन्या फॉन्टमधलं परिपत्रक दुसऱ्या संगणकावर उघडलं की अगम्य अक्षरं दिसतात. ते पुन्हा टाइप करत बसू नका. त्याची छापील प्रत सरळ धरून, सावली न पडता फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा. चित्राखाली युनिकोड मजकूर येतो. रफार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात, आणि तक्ते विस्कटतात.

पालकांकडून गूगल फॉर्म भरून घेताना 'एकच प्रतिसाद' आणि 'फाइल अपलोड' हे दोन्ही पर्याय बंद ठेवा. दोन्हींना गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं, आणि एका फोनवर तीन भावंडं असली की दुसऱ्याचा फॉर्म उघडतच नाही. हजेरी क्रमांक आणि तुकडी टाइप करायला न सांगता ड्रॉपडाउनमधून निवडू द्या, म्हणजे 'सातवी अ', '७ अ' आणि '७वी-अ' असे तीन वर्ग तयार होत नाहीत. सेटिंगमधलं निकालाचा सारांश दाखवण्याचं बटण बंद आहे ना, ते लिंक पाठवण्याआधी बघा. ते चालू राहिलं तर प्रत्येक पालकाला सगळ्यांचे मोबाइल क्रमांक दिसतात.